अनोळखी व्यक्तीचे छायाचित्र घेताना

अनोळखी व्यक्तींची छायाचित्रे घ्यायची असतील आणि तुमच्याकडे ५० मिमी एफ/१.८ लेन्स (५० मिमी हे तिचे नाभीय अंतर, एफ/१.८ हे तिचे सर्वांत मोठे छिद्र) असेल, तर ती व्यक्तिचित्रणासाठी पुरेशी आहे, त्यामुळे नवी लेन्स घेण्याची घाई करू नये. सरावासाठी पुण्यातील महात्मा फुले मंडईत जावे. मात्र ऐन विक्रीच्या वेळी कोणाचे गिऱ्हाईक अडवू नये. कॅमेरा खाली ठेवून आधी नमस्कार करावा, आपण छायाचित्रण शिकत असल्याचे सांगावे आणि नेमके काय आवडले तेही बोलावे: "मावशी, पालेभाजीच्या जुड्या फार सुंदर रचल्या आहेत, तुमचा यांच्यासोबत एक फोटो काढू का?" विचारण्यामागचे कारण कळले की समोरच्याचा संकोच बराच कमी होतो. नकार मिळाल्यास आभार मानून पुढे जावे. नकारानंतर लांबून चोरून टिपणे मला सर्वथा अयोग्य वाटते. होकार मिळाल्यास त्यांना मंडईच्या छताखालीच कडेला, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसण्याची विनंती करावी, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे लेन्सचे छिद्र) एफ/२.८ च्या आसपास व शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) १/२५० सेकंद ठेवावे आणि कॅमेऱ्याला जवळ असलेल्या डोळ्यावर फोकस साधावा. पहिल्या छायाचित्रात चेहरा बहुधा ताठर येतो, म्हणून बोलणे चालू ठेवून आणखी दोन-तीन घ्यावीत. छायाचित्र तिथेच दाखवावे, आणि पाठवण्याचा शब्द दिला असेल तर त्याच रात्री पाठवावे.