लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक सहा महिन्यांत फिके का पडतात? रंग कोणता आणि किती घालावा?

रंग आयर्न ऑक्साइडचाच (लोह आणि ऑक्सिजनच्या संयुगाची रंगीत पावडर) असेल तर तो उन्हाने उडत नाही. बहुतेक वेळा सिमेंटमधला चुना वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा पांढरा थर बसतो आणि रंग त्याखाली झाकला जातो. ब्लॉक ओला करून कोपऱ्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडचा थेंब टाका (हातमोजे घालून). फेस येऊन रंग उजळला, तर दोष चुन्याचा. जागा लगेच पाण्याने धुवा.

उजळला नाही तर भेसळीची शंका घ्या. चिमूटभर रंग ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. आयर्न ऑक्साइड विरघळत नाही, तळाशी बसतो. वरचं पाणी रंगीतच राहिलं तर त्यात डाय (पाण्यात विरघळणारा रंग) मिसळलाय; तो सिमेंटच्या अल्कलीत (क्षारीपणात) आणि उन्हात टिकणार नाही.

प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या गोणीला दीड ते अडीच किलो. वाळूच्या वजनावर मोजू नका. ६ टक्क्यांपुढे छटा फारशी गडद होत नाही, १० च्या वर ताकद घटते. आधी रंग आणि वाळू कोरडी घोळवा, मग सिमेंट, शेवटी पाणी. पाणी दर घाण्याला (एका वेळच्या मिश्रणाला) मोजूनच. जास्त झालं की छटा फिकी. पिवळ्याचे कण सुईसारखे असल्याने तो पाणी जास्त ओढतो.

हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड उत्तम. निळ्यासाठी कोबाल्ट ब्लू, महाग असला तरी. प्रशियन ब्लू सिमेंटमध्ये मुळीच नको, अल्कलीत तो तपकिरी पडतो.