फोनच्या बॉक्ससाठी एफडी मोडू नका, ताई

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नाशिकला अंबडमध्ये पॅकिंग मटेरियलचं ट्रेडिंग, ऑफिस भाड्याचं, ऑर्डर घेणारे तिघं, पण गिऱ्हाईक अजूनही मिस्टरांच्याच मोबाईलवर फोन करतात आणि ते गाडी चालवत असले की ऑर्डर गेली. त्यावर डीलरने आयपी पीबीएक्स, म्हणजे आलेले कॉल ऑफिसातल्या फोनांवर वाटणारा बॉक्स, आणि आठ फोन सुचवलेत, १ लाख ४० हजार अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १,६५,२००, आणि त्यासाठी ३ लाखांची एफडी मोडू का असं विचारलंय.

नका मोडू. पगार, भाडं धरून तुमचा महिन्याचा खर्च दीड लाख, म्हणजे ती एफडी फक्त दोन महिने पुरणारी आहे, उद्या एखाद्या मोठ्या पार्टीने पेमेंट लटकवलं तर पोरांचे पगार त्यातूनच करावे लागतील.

आणि ते कोटेशन परत बघा, त्यात फोन आहेत, बॉक्स आहे, पण पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच फोनला वीज देणारा), केबलिंग, यूपीएस कुठेच नाही. लाईट गेली की यूपीएसशिवाय बॉक्स, राउटर, फोन सगळंच बंद. शिवाय अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं, मालकाने जागा सोडायला सांगितली तर भिंतीतलं वायरिंग तिथेच राहणार.

घसाऱ्याने टॅक्स वाचतो हे डीलरचं म्हणणं खोटं नाही, पण किती वाचतो ते बघा. १५ टक्क्यांनी १ लाख ४० हजारांवर वर्षाला २१ हजार घसारा, ३० टक्के स्लॅब धरला तरी वाचले साधारण ६,३००, आणि त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्याही निम्मे. प्रिझम्प्टिवमध्ये, म्हणजे उलाढालीच्या ठराविक टक्के नफा धरून, रिटर्न भरत असाल तर वेगळा घसारा मिळतच नाही. जीएसटीचं क्रेडिट बॉक्सवरही मिळतं आणि महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या फोन सर्व्हिसवरही, तेव्हा ते सोडा.

तुमची खरी अडचण एवढीच आहे की एक नंबर वाजला की तिघांपैकी कोणीतरी उचलायला हवा, त्याला क्लाऊड टेलिफोनी पुरते, म्हणजे ऑफिसात बॉक्स न ठेवता सर्व्हिस देणारी कंपनीच कॉल वाटून देते. तुम्हाला मिळालेला रेट माणशी ७५० आहे, तिघांचे २,२५० अधिक जीएसटी म्हणजे महिना २,६५५. कॉल साध्या मोबाईलवरच येतात, वायर नको की फोन नको, रेकॉर्डिंगही मिळतं. फक्त मासिक प्लॅन घ्या, डिस्काउंटसाठी वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका.

यात एक धोका आहे आणि तो मी पैशांपेक्षा मोठा मानतो, तो म्हणजे नंबर. क्लाऊडवाल्याने दिलेला नंबर सर्व्हिस सोडल्यावर तुमच्याकडेच राहील का हे आधी लेखी घ्या, आणि तोपर्यंत तो बिलावर, बोर्डावर छापूच नका. नवीन लँडलाईनही त्यासाठी घेऊ नका, मोबाईलसारखी ती दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट होत नाही. मिस्टरांचा नंबर तसाच चालू ठेवा, त्यावर कॉल फॉरवर्डिंग लावा, उचलला नाही किंवा बिझी असला तरच क्लाऊडच्या नंबरवर जाईल असं. क्लाऊडवरून वाजणाऱ्या नंबरांच्या यादीत मात्र मिस्टरांचा मोबाईल टाकू नका, नाहीतर कॉल फिरून परत तिकडेच येईल.

तुमचे भाऊ म्हणतात तो सेकंडहँड पॅनासॉनिकही नको, कंपनीने २०२२ मध्येच पीबीएक्सच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलंय, पार्ट शोधत बसाल.

स्वतःचा गाळा झाला आणि टेबलावर बसून बोलणारी दहा-बारा माणसं झाली की बॉक्स घ्या, तेव्हा तो परवडेल. तोवर गर्दीच्या वेळेला, समजा ११ ते १ मध्ये, एकाच वेळी किती जण फोनवर असतात ते महिनाभर वहीत लिहायला सांगा, लाईन किती लागतील ते त्यावरूनच ठरवायचं, डीलरच्या अंदाजावरून नाही.