सॅक्सोफोनसाठी कॉलेज कोणतं? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रवेशाचे दिवस जवळ आले की सॅक्सोफोन परफॉर्मन्सच्या पदवीबद्दल विद्यार्थ्यांची आणि पालकांची पत्रं वाढतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि त्यामागचे गैरसमजही तेच. म्हणून या वेळी त्यातले काही एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: ऑडिशनला अल्टो न्यावा की टेनर?

पाश्चात्य क्लासिकलसाठी अल्टो, म्हणजे टेनरपेक्षा लहान आणि वरच्या स्वरांचा सॅक्सोफोन. जॅझसाठी तुमचं मुख्य वाद्य जे असेल ते.

प्रश्न: मुलीला क्लासिकल आणि जॅझ दोन्ही आवडतात. एकाच पदवीत दोन्ही होईल का?

क्वचित. बहुतेक ठिकाणी विभाग वेगळे, शिक्षक वेगळे आणि ऑडिशनही वेगळी. क्लासिकलला लिखित रचना, एट्यूड (तंत्राच्या सरावासाठीच्या रचना) आणि सॅक्सोफोन क्वार्टेट, म्हणजे चार सॅक्सोफोनचा गट. जॅझला उत्स्फूर्त वादन, कानाने उतरवून घेतलेले सोलो, बिग बँड (मोठा जॅझ वाद्यवृंद). माउथपीससुद्धा (तोंडात धरायचा भाग) बदलतो. अमेरिकेतल्या नॉर्थ टेक्सासच्या कॉलेजने 1947 मध्ये जॅझची पदवी सुरू केली तेव्हापासून ही वाट स्वतंत्रच वाढत गेली आहे.

तरी एका विभागात प्रवेश घेऊन दुसऱ्या विभागाच्या बँडमध्ये बसू देणाऱ्या संस्था आहेत. ते लेखी विचारून घ्या. मुलीने आयुष्यभराचा निर्णय आत्ताच घ्यायला हवा असं नाही, पण दोन्हीकडे अर्धवट तयारीने जाऊ नये. कोणती तयारी पक्की आहे हे तिच्या सध्याच्या शिक्षकांना विचारा. ते तिला दर आठवड्याला ऐकतात.

प्रश्न: क्रमवारीत पहिल्या दहात असलेल्या संस्थांनाच अर्ज करायचं ठरवलं आहे. बरोबर आहे ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो, म्हणून सविस्तर लिहिते.

क्रमवारी असते संपूर्ण संस्थेची. सॅक्सोफोन शिकवणारी व्यक्ती कशी आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही. फिलाडेल्फियाची कर्टिस ही अत्यंत निवडक संगीतसंस्था. तिथे सॅक्सोफोनचा विभागच नाही. पॅरिस कॉन्झर्वेटोअरचं पाहा. या वाद्याचा जनक अडॉल्फ सॅक्स तिथे 1857 पासून शिकवत होता. 1870 मध्ये तो वर्ग बंद पडला आणि थेट 1942 मध्ये फ्रेंच सॅक्सोफोनवादक मार्सेल म्यूल यांच्या नेमणुकीने पुन्हा सुरू झाला. मधल्या 72 वर्षांत संस्थेचा दबदबा तसूभर कमी झाला नाही, पण तिथे सॅक्सोफोनचा वर्ग नव्हता. उलट अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातली सॅक्सोफोनची परंपरा 1953 मध्ये लॅरी टील तिथे प्राध्यापक झाले तेव्हापासूनची. पुढे त्यांचेच शिष्य डोनाल्ड सिंटा यांनी ती चालवली. माणूस आला म्हणून परंपरा उभी राहिली.

परफॉर्मन्सच्या पदवीचा गाभा म्हणजे आठवड्याचा तो एक तास: खोलीत शिक्षक आणि तुम्ही. तुमची फुंक, ओठांची ठेवण, जिभेचा आघात, सुरांचं वाक्य कुठे श्वास घेऊन तोडायचं याची समज, हे सगळं काही वर्षं त्याच एका माणसाच्या हाताखाली घडतं. तो माणूस न पाहता अर्ज कसा करता?

आधी त्यांच्याकडे एक तास मागा. पुष्कळ प्राध्यापक देतात. काही मानधन घेतात, त्यात गैर काही नाही. प्रवास जमत नसेल तर ऑनलाइन घ्या, पण घ्या. त्या तासात ते किती छान बोलतात यापेक्षा काय ऐकतात ते पाहा. मधला डी हा स्वर बहुतेक अल्टोंवर चढतो, म्हणजे हवा त्यापेक्षा उंच लागतो. ‘डी चढतोय’ एवढं कोणीही सांगेल. चांगला शिक्षक तो स्वर लांब धरायला लावतो, जबडा सैल करायला सांगतो, खालच्या बीची चावी सोबत दाबून फरक ऐकवतो आणि मग तीच ओळ पुन्हा वाजवून घेतो. दुसऱ्या दिवशी एकट्याने रियाज करताना तो स्वर तसाच लागला, तर तो तास सत्कारणी लागला.

मग स्पष्ट विचारा: दर आठवड्याला मला कोण शिकवणार? माहितीपत्रकावर फोटो नामवंत प्राध्यापकांचा आणि पहिली दोन वर्षं शिकवणी पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे, असं घडतं. प्राध्यापक निवृत्तीला आले आहेत का? पुढच्या वर्षी रजेवर जाणार आहेत का? दौऱ्यांमुळे बुडालेले तास भरून देतात का? विंड बँडमध्ये (मुख्यतः फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या वृंदात) सॅक्सोफोनच्या खुर्च्या चार-पाचच असतात. स्टुडिओत, म्हणजे त्या प्राध्यापकांच्या विद्यार्थीगटात, पंचवीस जण असतील तर नव्या विद्यार्थ्याला बसायला कधी मिळतं? या प्रश्नांनी कोणी रागावत असेल तर तेही तुम्हाला कळायला हवंच. शेवटी तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोला, शिक्षक समोर नसताना.

प्रश्न: एक सल्लागार प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची ‘हमी’ देतो. पैसे भरावेत का?

भरू नका. प्रवेशाचा निर्णय ऐकणारी समिती आणि संस्था घेतात. बाहेरचा कोणीही हमी देऊ शकत नाही. ‘आजच भरा, जागा संपतील’ असं सांगितलं जात असेल तर उठून या. शिष्यवृत्तीचं पत्र हातात आल्यावरही ती दर वर्षी मिळणार की फक्त पहिल्या वर्षी, आणि किती गुणांच्या अटीवर, हे संस्थेच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून लेखी घ्या.

प्रश्न: चांदीचा मुलामा असलेला सॅक्सोफोन घेतला तर ऑडिशनला फायदा होतो म्हणतात.

ऐकीव गोष्ट आहे, आणि ती पसरण्यात विक्रेत्यांचा फायदा आहे. मुलामा पाहून समिती गुण देत नाही. आहे ते वाद्य दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या, छिद्रं झाकणारे पॅड कुठे गळतात, म्हणजे हवा सोडतात, ते तपासून घ्या. खालचा बी फ्लॅट हा स्वर हळू आवाजात फुटत नसेल तर दोष अनेकदा गळतीचा असतो आणि मुलं उगाच ओठ आवळत बसतात. ऑडिशनच्या तोंडावर माउथपीस बदलू नका. नवं वाद्य घ्यायचंच असेल तर प्रवेशानंतर, नव्या शिक्षकांना विचारून.

प्रश्न: निवडीच्या व्हिडिओत दोन टेक जोडले तर चालतात का?

एका रचनेच्या मधे अजिबात नाही.

प्रश्न: रियाज वाढवल्यापासून उजवा अंगठा दुखतो, रात्री बधिर होतो. ऑडिशन होईपर्यंत ढकलावं म्हणतो.

ढकलू नका. वाद्याचा भार उजव्या अंगठ्यावर नाही, गळ्यातल्या पट्ट्यावर यायला हवा. पट्ट्याची उंची आणि अंगठ्याचा हुक शिक्षकांकडून आजच तपासून घ्या. बधिरपणा असेल तर डॉक्टरांना दाखवा, जमल्यास वादकांच्या हातांचा अनुभव असलेल्या. तोवर रियाज छोट्या तुकड्यांत, मधे विश्रांती घेऊन करा.

प्रश्न: पदवीनंतर सिंफनी ऑर्केस्ट्रात नोकरी मिळेल?

सिंफनी ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोनला कायमची खुर्ची नसते. एखाद्या रचनेपुरतं बोलावतात. लष्करी बँड, अध्यापन, स्वतःचं क्वार्टेट, पाश्चात्य म्युझिकल नाटकांच्या वादकवृंदात (पिटमध्ये) क्लॅरिनेट आणि बासरीसह वाजवणं, या खऱ्या वाटा आहेत. मागच्या पाच वर्षांतले विद्यार्थी आज काय करतात, हे प्रत्येक संस्थेला विचारा. ज्यांना ते माहीत नाही, त्यांच्याबाबत दोनदा विचार करा.

प्रश्न: अर्जाच्या तारखा निघून चालल्या आहेत. यंदा जमेल तसं करावं की वर्षभर थांबावं?

अमेरिकेतल्या बऱ्याच संस्थांची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते आणि ऑडिशन जानेवारी-फेब्रुवारीत होतात. आत्ता रचना बसलेल्या नसतील तर थांबणं शहाणपणाचं, पण शिक्षकाविना नाही. ज्या प्राध्यापकांकडे जायचं आहे त्यांना या आठवड्यात पत्र लिहा, एक तास मागा आणि वर्षभरात काय तयार करू हे त्यांनाच विचारा.