‘भाषण’ टाइप करून पाठवा

प्रश्न : तुमच्याकडे तीसेक टाइपरायटर आहेत, असं मागच्या अंकात वाचलं. आता आणखी कोणता हवाय? आमच्या माळ्यावर वडिलांचं मराठी मशीन पडून आहे. ते कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करायचे. भंगारवाला वजनावर मागतोय. देऊन टाकावं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : देऊ नका! निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

मला हवी असलेली मशीनं दोनच. एक ब्लिकेन्सडर्फर, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मांडलं गेलेलं. त्यात कळ दाबल्यावर कागदावर आपटणाऱ्या अक्षरांच्या काड्याच नाहीत. सगळी अक्षरं एका फिरत्या चाकावर, आणि रिबनऐवजी शाईचा इवलासा रोलर. खालच्या ओळीत डी, एच, आय, ए, टी, ई, एन, एस, ओ, आर, म्हणजे इंग्रजीत सारखी लागणारी अक्षरं बोटांपाशी. ते हाती लागलं तर आठवडाभर कुणाशी बोलणार नाही, असं बायकोला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, लवकर सापडो.

दुसरं, गोदरेजचं १९५५ चं पहिलं मॉडेल, एम-९. गोदरेजचंच नंतरचं मॉडेल, प्राइमा, माझ्याकडे तीन आहेत. ती जुन्या बाजारात अजून दिसते. एम-९ साठी मात्र मी बरीच वर्षं रविवारची झोप घालवतोय. एकदा एक इंग्रजी मशीन न बघता, फोनवर सौदा करून घेतलं. खोकं उघडलं तर काचेच्या गोल कळा कुणीतरी दागिन्यांसाठी कापून नेलेल्या! नुसत्या दांड्या उरलेल्या, दात काढलेल्या तोंडासारख्या.

आता तुमच्या मराठी मशीनबद्दल. रेमिंग्टन या टाइपरायटर कंपनीच्या धर्तीच्या कळफलकावर ख, घ, ण, ध, भ, श, ष ही अक्षरं अख्खी नसतात. आधी अर्धं अक्षर, मग काना. ‘भाषण’ या एका शब्दाला सात ठोके लागतात आणि त्यातले चार एकट्या कान्याच्या कळीवर पडतात. दिवसभर अर्ज टाइप करणाऱ्या माणसाच्या मशीनमध्ये सर्वांत जास्त राबते ती हीच कळ. काडी किंचित वाकली की भ आणि काना यांच्यात फट पडते, अक्षर फाटल्यासारखं दिसतं. मराठी मशीन बघायला गेलो की मी आधी हीच फट बघतो.

म्हणून एक काम करा. धूळ कोरड्या ब्रशने झाडा, तेल मात्र घालू नका. तेलात धूळ बसून काड्या चिकटतात. मग ‘भाषण’ हा शब्द पाच वेळा टाइप करून कागद मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. रिबन वाळली असेल तर दोन कागदांत कार्बन घाला आणि खालचा कागद पाठवा.