‘घास किती जोरात चावायचा तेच कळत नाही’

जत्रेतून आणलेलं खाजं चावताना कानापुढे कट्ट झालं, तेव्हापासून फोंड्याकडच्या या शिक्षिकेचा जबडा डावीकडे दुखायचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तीन महिन्यांनी बाई समुपदेशनासाठी आल्या त्या वेगळ्याच भीतीने. “मऊ उंडो (गोव्याचा पाव) खातानासुद्धा गाल चावला जातो. बांगड्याचा काटा दाताखाली आला तरी कळत नाही. तोंड सरळ उघडतेय असं वाटतं आणि आरशात पाहावं तर हनुवटी डावीकडे. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. मेंदूत काही झालं नसेल ना?”

मनाचे खेळ नव्हेत. दाताच्या मुळाभोवतीचे तंतू हलका दाब टिपतात. पुढच्या दातांचे तर शंभरेक ग्रॅमपर्यंतच्या दाबाला सगळ्यात चोख. जबडा किती उघडलाय, कुठे आहे, हे मुख्यतः तो मिटणाऱ्या स्नायूंमधल्या संवेदकांकडून कळतं. कानापुढच्या जबड्याच्या सांध्यातली चकती पुढे सरकली की त्या बाजूची हालचाल अडते आणि हनुवटी तिकडे वळते. दुखऱ्या बाजूला जपताना चावण्याची लय बिघडते, जोर कमी लावला जातो. शिवाय दमलेल्या स्नायूला तेवढाच घास जास्त जोराचा वाटतो. बाजाराची पिशवी घरी पोचेपर्यंत जड होते, तशीच गत.

गोव्यातल्या बांबोळीच्या दंत महाविद्यालयात तपासणी झाली होती आणि धोक्याचं काही नव्हतं. चेहरा बधिर होणं, जबडा अडकून उघडेना किंवा मिटेना होणं, पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येऊन कानशिलाची नवी डोकेदुखी किंवा दृष्टीत बिघाड, यातलं काही असतं तर समुपदेशन बाजूला ठेवून आधी डॉक्टर. दृष्टीच्या तक्रारीला तर त्याच दिवशी.

खरी गोम पुढच्या प्रश्नात सापडली: दिवसातून किती वेळा दात टेकवून पाहता? बाई हसल्या. वर्गात, बसमध्ये, वह्या तपासताना, सतत. मागची दाढ उंच वाटते म्हणून ती घासून द्या, असा हट्टही त्यांनी दंतवैद्याकडे धरला होता. दंतवैद्यांनी नकार दिला, हे फार बरं झालं. आखडलेल्या स्नायूमुळे चाव, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते, तात्पुरता बदलतो. घासलेला दात मात्र परत येत नाही. आणि तपासण्यासाठी दात टेकवले की तोच दुखरा स्नायू पुन्हा आवळतो.

म्हणून पहिलं काम, चाचणी बंद. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला. मोबाईलवर आणि हजेरीपटावर लाल टिकली. ती दिसली की दात सुटे आहेत ना, एवढंच पाहायचं. आरशावर उभी चिकटपट्टी लावून, जिभेचं टोक टाळूवरून न सोडता, हनुवटी रेषेवर ठेवत तोंड सावकाश उघडायचं: सहा वेळा, दिवसातून पाचदा. ओला गरम शेक दहा-पंधरा मिनिटं. दोन आठवडे घास लहान आणि मऊ, खाजं नि सुकं खोबरं बंद.

दुसऱ्या आठवड्यात गडबड झाली. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत असं कुठेतरी वाचून बाईंनी जबडा ताणला आणि दोन दिवस दुखणं वाढलं. ते माप ओळखीपुरतं, व्यायामाचं नव्हे.

सहाव्या आठवड्यात गाल चावणं थांबलं, हनुवटी जवळजवळ रेषेवर आली. कट्ट आवाज राहिला. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर नुसत्या आवाजावर उपचार लागत नाही, हे पटायला मात्र बाईंना आणखी दोन भेटी लागल्या.