शक्ती कायद्याची वाट बघू नका, आजच तक्रार द्या

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगी धुळ्याला कॉलेजात, सोबतचा पोरगा रोज नव्या नंबरवरून मेसेज करतो, नको म्हटलं तरी थांबत नाही, आता तिच्या फोटोवर घाणेरडं एडिटिंग करून इन्स्टावर टाकलं आणि बदनामी करीन म्हणून धमकी देतो. तुमच्या गावच्या ठाण्यात गेलात तर म्हणे धुळ्याला जा. त्यात मेव्हण्यांनी सांगितलं की आता बायका-पोरींवरच्या अत्याचारासाठी शक्ती कायदा आहे, २१ दिवसांत निकाल लागतो, पण तक्रार खोटी ठरली तर तुम्हीच आत जाल. त्या भीतीने तुम्ही महिनाभर गप्प.

आधी ही भीती काढून टाका. शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळात मंजूर झालं हे खरं, पण कायदा म्हणून ते कधी लागूच झालं नाही. फौजदारी कायदा हा केंद्र आणि राज्य दोघांचाही विषय आहे, राज्याला केंद्राच्या कायद्याहून वेगळं काही करायचं असेल तर राज्यघटनेच्या कलम २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची मंजुरी लागते आणि ती मिळाली नाही. ज्या आयपीसीत, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेत, ते बदल करणार होते ती आयपीसीच १ जुलै २०२४ ला गेली, आता भारतीय न्याय संहिता आहे. ते २१ दिवस तर आंध्रच्या २०१९ च्या दिशा विधेयकातले.

खोट्या तक्रारीला शिक्षा आजच्या कायद्यातही आहे, पण माहीत असून खोटं सांगितलं तरच. कोर्टात सिद्ध झालं नाही म्हणजे तक्रार खोटी ठरली असं होत नाही भाऊ, आणि तुमच्याकडे तर स्क्रीनशॉट आहेत.

नकार दिल्यावरही मेसेज करत राहणं म्हणजे न्याय संहितेचं कलम ७८, पाठलाग, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत शिक्षा. पहिल्या वेळी हे कलम जामीनपात्र आहे, म्हणून तो लगेच सुटून आला तर खचू नका. धमकीसाठी त्याच संहितेचं कलम ३५१, त्यात बाईच्या चारित्र्यावर डाग लावायची धमकी असेल तर ७ वर्षांपर्यंत. फोटोसाठी आयटी ॲक्टचं कलम ६७. तक्रारीत कलमं नाही लिहिली तरी चालतं, काय घडलं ते तारीखवार लिहा.

आणि "धुळ्याला जा" हे चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. पोरीचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तरी तक्रार नाही घेतली तर एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना) रजिस्टर पोस्टाने लेखी पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

मेसेज डिलीट करू नका, तो फोन विकू किंवा रीसेट करू नका, कोर्टात मूळ फोन कामाला येतो. अकाउंटची लिंक लिहून ठेवा, मग रिपोर्ट करा. सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाका.

आपल्याकडे आंडेरचं, म्हणजे पोरीचं, नाव चर्चेत आलं की घरचेच तिला कॉलेज सोडायला लावतात. तसं करू नका, तिने काही केलेलं नाही. ठाण्यात जाताना तिला सोबत न्या, तिला बोलू द्या, आणि मोठी बहीण किंवा मावशी असेल तर तिलाही घ्या.