बहीण डॉक्टर व्हायचं म्हणतेय, तू काय करायचं?

प्रिय भाऊ,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू घाईत होतास, केळीची गाडी भरायची होती, म्हणून सविस्तर लिहितेय. तुझी बहीण अकरावी सायन्सला गेली, तिला एमबीबीएस करायचंय, वडील म्हणतात ‘आता तूच बघ’, आणि आर्ट्‌स केलेल्या भावाने यात करायचं तरी काय, हा तुझा प्रश्न. बायोलॉजी तू तिला शिकवू शकणार नाहीस, शिकवायची गरजही नाही. त्याला माणसं मिळतात. कागद गोळा करणारं, पैशाचा हिशेब थंड डोक्याने मांडणारं आणि घरातल्या तोंडांना आवर घालणारं माणूस मात्र बाहेरून आणता येत नाही. ते तू हो.

सुरुवात कागदांपासून कर, आणि ती आत्ता कर. नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की सगळा तालुका दाखल्यांसाठी एकदम सेतू केंद्रावर धावतो, ती रांग तू बघितलेली आहेस. तुम्ही ओबीसी, म्हणजे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमी लेयर. यातलं वैधतेचं काम वेळखाऊ. तिच्या कॉलेजमार्फतच अर्ज जातो, पण पुरावा तुम्ही शोधायचा, आणि तो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढ. गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ ची, आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो त्याची, नक्कल माग. आजोबांची नोंद नाही सापडली तर त्यांच्या सख्ख्या भावंडांची शोध. जुनी नोंद मोडी लिपीत असली तर लिप्यंतर करून घ्यावं लागेल, त्यातही दिवस जातात. तुझा तो तडवी मित्र, त्याचाही भाऊ सायन्सला आहे ना? त्यालाही सांग. अनुसूचित जमातीसाठी तारीख ६ सप्टेंबर १९५० ची आहे, समिती वेगळी आहे आणि तिथे वेळ जास्त लागतो.

दाखले हातात आले की चहा घेत सगळे एका ओळीत मांड आणि फक्त नावं वाच. एका कागदावर वडील ‘भिका’, दुसऱ्यावर ‘भिकन’, आधारवर तिसरंच स्पेलिंग, असं आपल्याकडे घरोघरी असतं. आज ते प्रतिज्ञापत्राने किंवा दुरुस्तीने निस्तरता येतं. कागदपत्र तपासणीच्या टेबलावर, मागे शंभर पोरं उभी असताना, निस्तरत नाही.

आता काकांची सूचना. बऱ्हाणपूर जवळ, सुरतला मामा, राजस्थानात कोटा शहरात क्लास, तर बारावी तिकडूनच करू. नको. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून जागा हवी तर, काही मोजके अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली लागते आणि डोमिसाईल लागतं. बारावी हद्दीपलीकडे झाली की उरतात मुख्यतः अखिल भारतीय १५ टक्के आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं. क्लाससाठी कुठेही जावं, पण बारावीचा प्रवेश कुठल्या राज्यातल्या कॉलेजात आहे हे डोळ्यांत तेल घालून बघ. ‘खान्देशाचा वेगळा कोटा असतो’ असं पारावर कोणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. विभागवार ७०:३० चं सूत्र, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, २०२० मध्येच गेलं. आता धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय असो, २०१८ ला सुरू झालेलं जळगावचं असो की त्यानंतरचं नंदुरबारचं, राज्य कोट्याच्या जागांसाठी सगळ्या महाराष्ट्रातली पोरं एकाच यादीत.

क्लासबद्दल फार लिहीत नाही. जिथे आठवड्याला पेपर होतो आणि चुका समोर बसवून सोडवून घेतात, तो बरा. फ्लेक्सवरचे फोटो मोजू नकोस. एनसीईआरटीची पुस्तकं मात्र स्टेट बोर्डाच्या पुस्तकांइतकीच मन लावून वाचायला सांग, बायोलॉजीची तर ओळ न् ओळ.

पैशाचं लांबेल, पण लिहायलाच हवं. घराचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजातल्या, केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या जागेलाही ते लागू आहे. अभिमत विद्यापीठांना नाही, संस्था (मॅनेजमेंट) कोट्याला नाही. म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हा तुझ्या फाइलमधला सगळ्यात महाग कागद समज. वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च तरीही उरतो, तो धरून चाल.

अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस लाखांच्या पुढे आकडे जातात. वडील भावनेच्या भरात ‘खालचं शेत काढू’ म्हणतील. ते बोलणं तिच्यासमोर होऊ देऊ नकोस. शेताची किंमत डोक्यात घेऊन पेपर सोडवता येत नाही, आणि आपल्यासाठी जमीन विकली हे पोरगी उघड बोलणार नाही पण रोज मोजत बसेल. माझं मत विचारशील तर विकू नका.

निकालानंतर फोन सुरू होतील. ‘सीट पक्की, फक्त टोकन भरा.’ संस्था कोट्यातली जागासुद्धा नीटच्या गुणांवर आणि राज्याच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षामार्फतच भरली जाते, त्यामुळे रोख मागणारा माणूस थापा मारतोय इतकं पक्कं. परदेशाचं पॅकेज घेऊनही कोणी येईल. तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून आहे का, तिथेच वर्षाची इंटर्नशिप आहे का, आणि परत आल्यावर इथली पात्रता परीक्षा द्यावी लागते हे त्याने स्वतःहून सांगितलं का, एवढं विचार. बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाला चहा मागतात.

आता घर. सराव परीक्षेहून ती आली की ओट्यावरूनच कोणीतरी विचारतं, ‘कितला मार्क पडनात वं?’ हे बंद कर. पेपर ७२० चा, प्रश्न १८०, त्यात ९० बायोलॉजीचे. बरोबरला चार, चुकीला वजा एक. चाळीस उत्तरं चुकली तर त्यांचे गुण तर गेलेच, वर मिळालेल्यातले चाळीस कापले गेले. विचारायचंच असेल तर चारेक दिवसांनी, ती निवांत असताना, किती प्रश्न येत नसताना ठोकून दिले ते विचार. या आकड्यावर तिला काही करता येतं. एकूण गुणांवर नुसतं रडता येतं.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आणि नीट आपल्याकडे मागेपुढेच येतात, कारण परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला असते. माहेरवाशिणी येणार, झोके बांधले जाणार, मांडे होणार, रात्री उशिरापर्यंत गाणी चालणार. बारावीच्या वर्षी तुमच्या घरचा गोतावळा मोठ्या काकांकडे उतरव. तिला मात्र तासभर झोक्यावर जाऊ दे, कोंडून ठेवू नकोस. पेपर दुपारी दोनला सुरू होतो आणि दीडला गेट बंद होतं, म्हणजे ऐन उन्हात. शेवटचा महिनाभर त्याच वेळेला तिला सराव पेपर सोडवायला बसव आणि त्या तीन तासांत वीज गेली तर काय, याची सोय आधी लाव. केंद्र आदल्या दिवशी बघून ये. साधे अर्ध्या बाह्यांचे कपडे, चपला, अंगावर दागिना नको. नाकातली चमकी आदल्या रात्रीच काढायला सांग.

आणि उदाहरणं देणं कमी करा. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड केईएममधून एमबीबीएस झाले, पुढे आयएएस होऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. आपल्या सगळ्यांना अभिमान आहेच. पण जेवणाच्या ताटावर रोज त्यांचं नाव निघालं तर पोरीला तो टोमणा वाटतो.

त्यापेक्षा एक कर. एखाद्या सकाळी, तिथल्या डॉक्टरांना आधी विचारून, तिला सातपुड्यातल्या पाल गावाकडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. बारावीच्या पुस्तकात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल एक ओळ आहे: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. पोरं ती घोकतात, कारण प्रश्न येतो. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल घरांमधून तोच आजार हातपाय दुखतात म्हणून बाकावर येऊन बसतो. तिथे दोन तास बसल्यावर तिला आणखी हुरूप येईल किंवा ‘दादा, हे माझ्याच्यानं होणार नाही’ असं ती म्हणेल. दोन्ही उत्तरं अकरावीत मिळालेली बरी. वाट किती लांब आहे तेही तेव्हाच सांग: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर वर्षभराची बंधपत्रित सेवा, पुढे एमडी-एमएस करायचं तर आणखी तीन. आत्याबाई लग्नाचा विषय काढतील, त्यांना हा हिशेब तू सांग, तिला सांगायला लावू नकोस.

शेवटचं, आणि हे परीक्षेच्या आधी ठरलं पाहिजे. नाही लागला नंबर, तर? बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यक, सगळीकडे नीटचेच गुण चालतात. यातलं तिला काय चालेल, काय अजिबात नको, ते तिच्या अक्षरात एका कागदावर लिहून घे. रिपीट करायचं तर किती वेळा, तेही. मी म्हणेन एकदा, आणि तेही गुण थोडक्यात हुकले असतील तरच. निकालाच्या संध्याकाळी घरात जो तो काहीतरी बोलत असतो, तेव्हा हा कागद काढायचा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतातच, म्हणून बोर्डाकडे दुर्लक्ष नको.

कोतवाल बुकाची नक्कल मिळाली की फोटो पाठव, नोंद वाचून सांगते. केळीचे पैसे हातात आले की एकदा जळगावला ये, तिलाही आण. वडिलांना नमस्कार.

तुझ्या,
बायोलॉजीच्या मॅडम